संशोधनाला गुण देण्याआधी ते कोणीतरी वाचावे: नागपूर विद्यापीठाच्या विद्वत परिषदेस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू तथा अध्यक्ष आणि सर्व सन्माननीय सदस्य,
विद्वत परिषद, राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठ, नागपूर.

विषय: संशोधनाच्या मूल्यमापनात मूळ लेखन वाचले जाण्याची तरतूद करणेबाबत.

सन्माननीय सदस्यहो,

विद्यापीठ अनुदान आयोगाने ‘केअर’ या नावाने ओळखली जाणारी संशोधन-नियतकालिकांची यादी बंद केल्याचे फेब्रुवारी २०२५ मध्ये जाहीर केले. तसा निर्णय ऑक्टोबर २०२४ च्या बैठकीतच झाला होता. कोणते नियतकालिक विश्वासार्ह मानावे यासाठी आयोगाने काही मार्गदर्शक निकष सुचवले असून पुढची व्यवस्था उच्च शिक्षण संस्थांनी आपापली लावावी, असे म्हटले आहे. म्हणजे दिल्लीहून आलेल्या यादीवर बोट ठेवून मोकळे होण्याची सोय आता उरलेली नाही आणि हा प्रश्न देशभरातील विद्वत परिषदांच्या विषयपत्रिकेवर येऊन पडला आहे. गेलेल्या यादीच्या जागी प्रत्येक विद्यापीठ स्वतःची यादी करील आणि सगळे पूर्ववत चालू राहील, अशी मला भीती वाटते. म्हणून आपणांस एकच विनंती करण्यासाठी हे पत्र जाहीरपणे लिहीत आहे: कोणाही अध्यापकाच्या संशोधनाला पदोन्नतीचे गुण देण्याआधी ते संशोधन त्या विषयाच्या जाणकाराने पूर्ण वाचलेले असले पाहिजे, अशी तरतूद विद्यापीठाच्या नियमांत करावी.

ही मागणी इतकी साधी आहे की तिच्यासाठी पत्र लिहावे लागते याचेच बाहेरच्या माणसाला नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी ज्यांनी छाननी समितीत काम केले आहे त्यांना पदोन्नतीची फाईल कशी असते हे ठाऊक आहे. प्रत्येक शोधनिबंधाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स, त्यावर लाल पेनाने गोल केलेला आयएसएसएन, म्हणजे नियतकालिकाचा ओळख क्रमांक, त्याच्या मागे संकेतस्थळावरून काढलेले यादीचे पान आणि त्यात आपल्या नियतकालिकाच्या नावाखाली मारलेली रेघ. निबंध दुसऱ्या पानापासून पुढे काय म्हणतो हे फाईलीत नसतेच, कारण ते कोणी मागितलेलेच नसते. समितीसमोर कॅल्क्युलेटर असतो, दुपारच्या जेवणापूर्वी संपवायच्या फाईलींचा गठ्ठा असतो आणि बेरीज बरोबर आहे की नाही एवढाच वादाचा मुद्दा असतो.

एका विद्यापीठात अशा समितीवर असताना (ते कोणते, हे येथे महत्त्वाचे नाही) झेरॉक्सवाल्याच्या चुकीने एका फाईलीला दोन निबंध पूर्णच्या पूर्ण जोडले गेले होते, म्हणून ते वाचता आले. एक वर्धा जिल्ह्यातील बचत गटांवर होता, दुसरा भंडारा जिल्ह्यातील बचत गटांवर, आणि दोहोंतले तक्ते शेवटच्या दशांशापर्यंत तेच होते. मी ते अध्यक्षांना दाखवले. नियतकालिक यादीत आहे ना, मग गुण द्यावेच लागतील, असे उत्तर मिळाले आणि नियमाच्या भाषेत ते उत्तर अचूक होते. त्या अध्यापकाचा मला फारसा रागही आला नाही. ज्या व्यवस्थेने त्याच्याकडून केवळ पहिले पान मागितले तिला त्याने पहिले पान दिले, एवढेच.

याद्यांचा इतिहास थोडक्यात आठवून पाहावा. आयोगाने जानेवारी २०१७ मध्ये जी पहिली मोठी यादी दिली तीत ३० हजारांहून अधिक नियतकालिके होती. तिच्यात विद्यापीठांच्या शिफारशीवरून आलेल्या सुमारे एक हजार नियतकालिकांची तपासणी डॉ. भूषण पटवर्धन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केली आणि २०१८ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले: त्यांपैकी ८८ टक्के नियतकालिके प्राथमिक निकषांवरही टिकत नव्हती. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की ही नावे विद्यापीठांनीच सुचवलेली होती. त्याच वर्षी मे महिन्यात आयोगाने ४,३०५ नावे वगळली आणि पुढच्या वर्षी, २०१९ मध्ये, केअर यादी आली. ती पहिलीपेक्षा निश्चितच बरी होती. पण यादी आली की यादीतल्या नियतकालिकांची हुबेहूब नक्कल करणारी संकेतस्थळेही आली, आणि आठवडाभरात प्रसिद्धी, प्रमाणपत्र घरपोच, पैसे आधी, अशा जाहिराती अध्यापकांच्या व्हॉट्सॲप गटांवर राजरोस फिरू लागल्या. अशा जाहिरातीत इम्पॅक्ट फॅक्टर, म्हणजे नियतकालिकाचे वजन दाखवणारा आकडाही दिलेला असतो, तो कोणी मोजला हे मात्र दिलेले नसते.

आता गुणांच्या तक्त्याकडे वळतो. आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार मानव्यविद्यांत एका शोधनिबंधाला १० गुण, राष्ट्रीय प्रकाशकाने काढलेल्या स्वतंत्र ग्रंथाला १० गुण, संपादित ग्रंथातील प्रकरणाला ५ गुण आणि मार्गदर्शनाखाली एकास पीएच.डी. मिळाली की १० गुण. हा तक्ता आपल्या गावच्या एका कामाला लावून पाहू. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी मॉरिस कॉलेजात संस्कृत शिकवत. वाकाटकांचे ताम्रपट आणि शिलालेख मिळवणे, वाचणे, त्यांचा काळ ठरवणे, आधीच्या विद्वानांची वाचने दुरुस्त करणे हे त्यांचे अनेक दशकांचे काम, आणि त्याचे फळ म्हणजे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाने १९६३ साली प्रसिद्ध केलेला वाकाटक लेखांचा खंड. विदर्भाच्या प्राचीन इतिहासावर आजही कोणाला एक परिच्छेद लिहायचा असेल तर त्या खंडाला ओलांडून जाता येत नाही. आजच्या तक्त्यात त्याला १० गुण मिळाले असते. तो संपादनात मोडतो असे छाननी समितीला वाटले असते तर ८. तेवढेच १० गुण आठवडाभरात प्रसिद्ध होणाऱ्या चार पानी निबंधाला आहेत. असा तक्ता समोर ठेवून पंचविशीतल्या संशोधकाला आपण कोणता सल्ला देत आहोत हे त्याला न सांगताही कळते.

विज्ञान विषयांत तक्त्याला इम्पॅक्ट फॅक्टरची जोड आहे: तो १ पेक्षा कमी असेल तर १० गुण, १० पेक्षा अधिक असेल तर ३०. एखाद्या नियतकालिकात मागील दोन वर्षांत प्रसिद्ध झालेल्या निबंधांचा एका वर्षात सरासरी किती वेळा उल्लेख झाला, याचा हा आकडा. त्याची कल्पना १९५५ मध्ये मांडणारे युजीन गारफील्ड यांचे काम विज्ञानातल्या संदर्भांच्या सूची करण्याचे होते, आणि हा आकडाही नियतकालिकांची निवड करण्यासाठी वापरला जाई. माणसांची प्रत ठरवणे हे त्याचे कामच नव्हते. शिवाय सरासरी नेहमीच फसवी असते, कारण नियतकालिकातील मूठभर निबंधांचे भरपूर उल्लेख होतात आणि उरलेल्यांना त्यांच्या पुण्याईवर गुण मिळतात. विषयाविषयांतले अंतर तर विचारूच नये. गणितातील अत्यंत प्रतिष्ठित नियतकालिकांचाही हा आकडा एक अंकी राहतो आणि वैद्यकातील मोठ्या नियतकालिकांचा सहज दोन अंकी होतो, म्हणून गणिताचा प्राध्यापक वैद्यकाच्या प्राध्यापकापेक्षा कमी हुशार ठरत नाही. २००५ मध्ये होर्हे हर्श यांनी सुचवलेल्या एच-इंडेक्सची, म्हणजे एखाद्याच्या किती निबंधांचा किमान तितक्याच वेळा उल्लेख झाला त्या आकड्याची, गतही वेगळी नाही. तो वयाबरोबर वाढतो आणि कमी होणे त्याला माहीतच नाही.

हे काही माझे खासगी मत नाही. नियतकालिकाच्या इम्पॅक्ट फॅक्टरवरून व्यक्तीच्या कामाची किंमत करू नये, असे सॅन फ्रान्सिस्को येथे २०१२ मध्ये तयार झालेल्या जाहीरनाम्यात स्पष्ट म्हटले आहे आणि जगभरातील हजारो संस्थांनी त्यावर सह्या केल्या आहेत. निबंधांच्या संख्येवर रोख बक्षिसे देण्याची प्रथा ज्या चीनमध्ये सर्वाधिक फोफावली होती, त्याच देशाच्या शिक्षण आणि विज्ञान मंत्रालयांनी फेब्रुवारी २०२० मध्ये ती बंद करण्याचे आदेश काढले. २०२३ या एका वर्षात जगभरात १० हजारांहून अधिक शोधनिबंध मागे घेतले गेले आणि त्यांतील बहुतेक एकाच प्रकाशनसमूहाचे होते. हे निबंध अगदी यादीतल्या, आकडा असलेल्या नियतकालिकांतलेच होते. आपल्याकडे एनआयआरएफ या शिक्षणसंस्थांच्या राष्ट्रीय क्रमवारीनेही मागे घेतलेल्या निबंधांसाठी गुण कापायला सुरुवात केली आहे. ते योग्यच आहे. पण चोर पकडला गेल्यावर दंड करणे आणि घरात माणूस राहता ठेवणे या वेगळ्या गोष्टी आहेत.

या सगळ्याचा विदर्भाशी काय संबंध, असे कोणी विचारील. २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने आपल्याकडच्या कपाशीची काय दशा केली ते आपण पाहिले आहे. बीटी वाणाला अळी कितपत दाद देईनाशी झाली आहे हे कळण्यासाठी कोणाला तरी दर हंगामात त्याच त्या शिवारांत जाऊन बोंडे फोडावी लागतात, अळ्या गोळा कराव्या लागतात, प्रयोगशाळेत तपासाव्या लागतात आणि बहुतेक वर्षी ‘विशेष बदल आढळला नाही’ असे लिहावे लागते. यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतील विहिरींच्या पाण्यातील फ्लोराइडचे तसेच, सिकलसेलच्या पाहणीचे तसेच. गोंडीतील गीते आणि कथा टिपून त्यांचा अभ्यास करणाऱ्याला आधी ती भाषा शिकण्यात दोन-चार वर्षे घालवावी लागतात आणि त्या वर्षांचा रकाना कोणत्याही तक्त्यात नाही. महानुभाव पोथ्यांची सांकेतिक लिपी उलगडून पाठ निश्चित करणारा अभ्यासक मराठीतच लिहिणार, आणि मराठीतील नियतकालिके परदेशी सूचींत जवळजवळ नाहीत. हेच काम या विद्यापीठाने करावे म्हणून १९२३ मध्ये ते येथे स्थापन झाले. ते दुसऱ्या कोणत्याही शहरातील विद्यापीठ आपल्यासाठी करून देणार नाही. मोजणीची पद्धत जर याच कामाला सर्वांत कमी गुण देत असेल, तर अमरावती रस्त्यावरच्या परिसरात कितीही नव्या इमारती उभ्या राहिल्या तरी ते काम होणार नाही.

दुसरी बाजू विद्यार्थ्यांची. संशोधन म्हणजे काय हे पीएच.डी.चा विद्यार्थी संशोधनपद्धतीच्या अभ्यासक्रमातून जितके शिकतो त्याहून कितीतरी अधिक मार्गदर्शकाच्या वागण्यातून शिकतो. शोधनिबंध ही विकत मिळणारी वस्तू आहे हे मार्गदर्शकाकडेच पाहिल्यावर तो साहित्यचोरीवरील आयोगाचे २०१८ चे विनियम वाचून सुधारेल, ही अपेक्षा भाबडी आहे. सॉफ्टवेअरला १० टक्क्यांच्या आत साम्य दाखवले की झाले, हे तो पहिल्याच सहामाहीत शिकतो, आणि वाक्ये फिरवून देणारे दुकानही त्याला सापडते.

या मागणीवरचा खरा आक्षेप मला माहीत आहे आणि तो हलका नाही. आकडे आले ते उगाच आले नाहीत. २०१० मध्ये आयोगाने एपीआय ही अध्यापकांची कामगिरी मोजणारी गुणपद्धत आणली, त्याच्या आधी निवड समितीत काय चालायचे हे जुन्या मंडळींना सांगायला नको. अमुक आपल्या गटाचा, तमुक त्यांच्या गटाचा, अमक्याचा फोन आला होता, आणि ‘विद्वत्ता चांगली आहे’ या एका वाक्यावर उमेदवार निवडला किंवा नाकारला जात असे. ज्याच्या मागे कोणी नव्हते त्या उमेदवाराला, विशेषतः ज्याच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला तो पहिलाच होता अशा उमेदवाराला, तक्त्याने एक आधार दिला. माझे इतके गुण आहेत, मला का डावलले, असे तो विचारू शकला. वाचनाच्या नावाखाली ती जुनी मनमानी परत येणार असेल तर मीही तक्त्याच्याच बाजूने उभा राहीन.

म्हणून वाचनाची तरतूद करताना वाचणाऱ्यालाही उत्तरदायी करावे लागेल. वाचणारा विद्यापीठाबाहेरचा, शक्यतो राज्याबाहेरचा असावा, उमेदवाराशी त्याचा मार्गदर्शनाचा, सहलेखनाचा वा नात्याचा संबंध नाही असे त्याने लिहून द्यावे, आणि त्याचा अभिप्राय सही-तारखेनिशी दोन पानांचा तरी असावा: निबंधाने कोणता प्रश्न घेतला, पुरावा काय दिला, निष्कर्ष त्या पुराव्यातून निघतो का आणि या विषयातील आधीच्या कामात त्याने कोणती भर घातली. हा अभिप्राय उमेदवाराला मिळावा आणि त्याला त्यावर लेखी उत्तर देता यावे. सही करून, कारणे देऊन खोटे लिहिणे हे समितीत मान हलवण्यापेक्षा पुष्कळ अवघड असते. कापूस बाजारात गाडी काट्यावर जाण्याआधी व्यापारी आत खोल हात घालून मूठभर कापूस काढतो, धागा ओढून पाहतो आणि मग भाव बोलतो, आणि तेही शेतकऱ्याच्या समोर. वजन नंतर होतेच. संशोधनाचेही वजन करायला माझी हरकत नाही, आधी हात आत जाऊ द्या.

ब्रिटनमध्ये १९८६ पासून काही वर्षांच्या अंतराने सर्व विद्यापीठांच्या संशोधनाचे मूल्यमापन होते. २०२१ च्या फेरीत ६० टक्के भार संशोधनलेखनाला, २५ टक्के समाजावरील प्रत्यक्ष परिणामाला आणि १५ टक्के संशोधनाच्या वातावरणाला होता. प्रत्येक अध्यापकामागे सरासरी अडीच कामेच सादर करायची होती, एकाची पाचाहून अधिक घेतली जात नव्हती आणि विषयवार मंडळांनी इम्पॅक्ट फॅक्टर न पाहता ती वाचून श्रेणी द्यायची होती. ती पद्धत खर्चिक आहे, तिच्याबद्दल तिथले अध्यापकही कुरकुरतात, आणि तिचा सगळा डोलारा येथे आणावा असे मी म्हणत नाही. घेण्यासारखी गोष्ट एकच: थोडे मागा, पण मागाल ते वाचा.

आयोगाचा गुणतक्ता बदलण्याचा अधिकार आपल्या परिषदेला नाही, याची मला जाणीव आहे. पण तक्त्याच्या अलीकडे आणि पलीकडे आपल्या अखत्यारीत बरेच काही आहे. पदोन्नतीच्या अर्जासोबत उमेदवाराने स्वतः निवडलेली पाच कामे पूर्ण स्वरूपात जोडावीत आणि छाननी समितीची बैठक होण्यापूर्वी त्यांवरील दोन अभिप्राय आलेले असावेत, असे कार्यपद्धतीत घालता येईल. मार्गदर्शक म्हणून मान्यता देताना २०२२ च्या पीएच.डी. विनियमांनुसार प्राध्यापक व सहयोगी प्राध्यापकांना किमान पाच आणि सहायक प्राध्यापकांना किमान तीन निबंध लागतात. ते समीक्षित, म्हणजे छापण्याआधी जाणकारांकडून तपासून घेणाऱ्या, नियतकालिकातले आहेत की नाही हे ठरवताना नियतकालिकाने समीक्षकांचे मूळ अभिप्राय दिले होते का, हे विचारता येईल. खरोखर समीक्षा झालेल्या निबंधाच्या लेखकाकडे ते ई-मेल असतातच, आणि नसतील तर बोलणेच संपले. त्याच विनियमांनी प्रबंध सादर करण्यापूर्वी निबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती काढून टाकली आहे. ती विद्यापीठाच्या पातळीवर मागील दाराने परत आणू नये, कारण बोगस जर्नलांचा निम्मा धंदा त्या सक्तीवर चालत होता.

सर्वांत सोपी आणि माझ्या मते सर्वांत परिणामकारक गोष्ट परीक्षकांच्या अहवालांची आहे. प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या खुल्या संकेतस्थळावर जातो, कोणीही तो वाचू शकतो. पण त्याला पदवीयोग्य ठरवणारे बाह्य परीक्षकांचे अहवाल परीक्षा विभागाच्या कपाटात राहतात. पदवी जाहीर झाल्यावर हे अहवाल परीक्षकांच्या नावांसह विद्यापीठाच्या संकेतस्थळावर ठेवावेत. ‘प्रबंध समाधानकारक आहे, पदवीस शिफारस करतो’ एवढ्या दोन ओळींचे अहवाल किती आणि प्रकरणवार वाचून लिहिलेले किती हे पहिल्या वर्षीच सर्वांना दिसेल. परीक्षकांनाही ते आधी ठाऊक असेल, आणि बराच फरक तेवढ्यानेच पडेल. यासाठी इमारत नको, निधी नको, नवे मंडळही नको.

वाचायला माणसे कोठून आणायची, हा प्रश्न व्यावहारिक आहे. मोठ्या विषयांसाठी अडचण नाही. पर्यावरण, कापूस, मृदाशास्त्र आणि लिंबूवर्गीय फळे या विषयांच्या राष्ट्रीय संस्था तर याच शहरात आहेत, फक्त त्यांतील ज्यांचे विद्यापीठाशी संयुक्त प्रकल्प चालू आहेत त्यांना वगळावे लागेल. अडचण येईल ती लहान विषयांत, पाली-प्राकृत, गोंडी, ताम्रपटांची लिपी, अशा ठिकाणी. तेथे जाणकार देशातच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि सगळे एकमेकांचे शिष्य वा प्रतिस्पर्धी. अशा विषयांत बाह्य संबंधाचा नियम काटेकोर पाळता येणार नाही. तेथे संबंध लपवण्याऐवजी तो अहवालात नोंदवून पुढे जाणे एवढेच शक्य आहे. मराठीतील लेखनासाठी मराठी वाचणाराच परीक्षक हवा, इंग्रजी सारांशावर काम भागवू नये, हेही नियमात स्पष्ट लिहावे.

परिषदेच्या येत्या बैठकीत हा विषय घ्यावा आणि निदान परीक्षकांचे अहवाल खुले करण्याचा ठराव पुढील शैक्षणिक वर्षापासून लागू करावा, अशी विनंती आहे. छाननीच्या बाबतीत एखाद्या विद्याशाखेत प्रथम प्रयोग करून पाहावा. वाचनाच्या कामासाठी मानधनाची तरतूद होईपर्यंत माझ्यासारखे काही निवृत्त अध्यापक ते विनामूल्य करण्यास तयार आहेत. मात्र आम्हाला पूर्ण निबंध पाठवावेत, पहिल्या पानाची झेरॉक्स नको.

आपला विश्वासू,
एक निवृत्त अध्यापक,
नागपूर